कोंबडीच्या पोटातला जंत पचत का नाही? आणि तुमचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात परसातल्या कोंबड्यांच्या जंतांवर छोटा लेख आला होता. आधी शीट तपासून घ्या, कुठला जंत आहे ते बघा आणि मगच औषध द्या, एवढंच त्यात सांगितलं होतं. त्यावर बरेच प्रश्न आलेत, काही औषधांचे, काही नुसत्या कुतूहलाचे, आणि मला कुतूहलाचे जास्त आवडले. मी जीवरसायन शिकवते, पशुवैद्यक नाही, त्यामुळे डोसचे आकडे इथे देणार नाही, ते पक्ष्याचं वय आणि वजन बघून डॉक्टरांकडूनच घ्या. पण जंत काय खातो, श्वास कसा घेतो, औषध त्याच्या शरीरात नेमकं कुठे घाव घालतं हे सांगते, कारण ते कळलं की दुकानदार देईल ती बाटली घेऊन यायची सवय आपोआप सुटते.

प्रश्न: मॅडम, घरची गावरान कोंबडी कापली तेव्हा आतड्यात पांढरे, शेवयांसारखे लांब जंत निघाले, काही वळवळत होते. मुलगी नववीत आहे, ती म्हणाली बाबा कोंबडी अख्खा मका पचवते, झुरळ पचवते, मग हा मऊ जंत का नाही पचत? मला काही सांगता आलं नाही. (एक वाचक, ता. शिराळा)

मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या, अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंय तिने.

तुम्ही पाहिलात तो बहुतेक ॲस्कॅरिडिया गॅली, कोंबडीचा मोठा गोल जंत. मादी साधारण 7 ते 12 सेंटिमीटर, नर त्याहून लहान, 5 ते 7 च्या आसपास. हा लहान आतड्यात राहतो आणि मोठा झाल्यावर भिंतीला चिकटून बसत नाही, वरून येणाऱ्या अन्नाच्या लोंढ्याच्या उलट दिशेने सतत अंग वळवत स्वतःची जागा धरून असतो. आणि जागा तरी कुठली, तर स्वादुपिंडातून ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन येऊन पडतात तीच. प्रथिनं कापणारे हे एन्झाइम मांसाचा तुकडा काही तासांत विरघळवतात.

मका पचतो कारण पेट्यात, म्हणजे कोंबडीच्या दळणाऱ्या पोटात, तो खड्यांमध्ये भरडला जातो आणि मग एन्झाइमला आतला माल उघडा मिळतो. जंताचं तसं होत नाही. त्याच्या अंगावर क्युटिकल नावाचं आवरण असतं, ते मुख्यतः कोलॅजनचं, आणि कोलॅजनचे धागे एकमेकांना गंधकाच्या बंधांनी पक्के बांधलेले. ट्रिप्सिनला प्रथिनाची साखळी कापायची तर ती सुटी मिळावी लागते, इथे ती सुटी मिळतच नाही. पण एवढ्यावर भागत नाही, कारण जंताला तोंड आहे, तो आतड्यातलंच पातळ अन्न गिळतो, म्हणजे कोंबडीचे एन्झाइम त्याच्या पोटातही जातात. तिथे दुसरी सोय असते. ॲस्कॅरिस म्हणजे डुकराचा आणि माणसाचा जंत, आपल्या कोंबडीच्या जंताचा जवळचा भाऊबंद, त्याच्या शरीरात ट्रिप्सिनला, कायमोट्रिप्सिनला, अगदी पेप्सिनलासुद्धा निकामी करणारी छोटी छोटी प्रथिनं सापडली आहेत. ती त्या एन्झाइमच्या कापायच्या जागेतच जाऊन घट्ट बसतात, मग त्या एन्झाइमला दुसरं काही कापता येत नाही. जंतांमध्ये असं काहीतरी आहे हे अर्न्स्ट वाइनलांड या जर्मन शास्त्रज्ञाने 1903 सालीच दाखवलं होतं.

आणि मुलीला हेही सांगा की हे सगळं जंत जिवंत आहे तोवरच चालतं. क्युटिकलची डागडुजी, ती प्रथिनं बनवणं, प्रवाहाविरुद्ध जागा धरणं, सगळ्याला ऊर्जा लागते. जंत मेला की तोही हळूहळू पचायलाच लागतो. म्हणूनच काही औषधं दिल्यावर शीटेत जंत पडलेला दिसत नाही आणि लोकांना वाटतं औषध फुकट गेलं.

प्रश्न: आतड्यात हवा नसते असं आम्हाला शिकवलंय. मग एवढा मोठा जंत ऑक्सिजनशिवाय जगतो कसा? आपल्या स्नायूंसारखं लॅक्टिक ॲसिड बनवून का? आणि तसं असेल तर त्याचं भागतं कसं, ग्लायकोलिसिसमध्ये तर फक्त 2 एटीपी मिळतात. (बीएस्सी दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, नांदेड)

हे उत्तर लांबणार आहे, बाकीच्या वाचकांनी थोडं सांभाळून घ्या (ग्लायकोलिसिस म्हणजे ऑक्सिजनशिवाय साखर तोडायची वाट, आणि एटीपी म्हणजे त्यातून हाती येणारी पेशीची ऊर्जेची नाणी), पण औषधांचं अर्धं गणित इथेच आहे.

आतड्याच्या भिंतीजवळ थोडा ऑक्सिजन असतो, मधल्या पोकळीत जवळपास नाहीच. तिथे कार्बन डायऑक्साइड मात्र भरपूर. आणि हा जंत काय करतो, तर जे भरपूर आहे तेच वापरतो. कोंबडीने खाल्लेल्या मक्याचं ग्लुकोज तो घेतो, त्यातलं बरंचसं ग्लायकोजेन म्हणून साठवतो, आणि लागेल तसं तोडतो. तोडत तोडत फॉस्फोइनॉलपायरुवेटपर्यंत वाट आपली आणि त्याची एकच. तिथे फाटा फुटतो. आपल्यात पुढे पायरुवेट बनतं. जंतामध्ये त्या रेणूला कार्बन डायऑक्साइड जोडला जातो आणि ऑक्झॅलोॲसिटेट तयार होतं, आणि हे काम करणारा एन्झाइम म्हणजे पेपसीके, तुमच्या पुस्तकात ग्लुकोनिओजेनेसिसच्या धड्यात असलेला तोच. आपल्या यकृतात तो बरोबर उलट दिशेने काम करतो, ऑक्झॅलोॲसिटेटमधून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतो. परीक्षेत हा प्रश्न आला तर मुलं गोंधळतात, म्हणून मुद्दाम सांगते.

पुढे ऑक्झॅलोॲसिटेटचं मॅलेट होतं आणि ते मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, जातं. तिथे त्याच्या दोन वाटा होतात. काही मॅलेटचं पायरुवेट आणि मग ॲसिटेट होतं, त्यात इलेक्ट्रॉन मोकळे होतात. ते इलेक्ट्रॉन कुठेतरी टाकायला हवेत, ऑक्सिजन तर नाही, मग उरलेलं मॅलेट फ्युमरेट होतं आणि फ्युमरेट ते इलेक्ट्रॉन घेऊन सक्सिनेट बनतं. म्हणजे क्रेब्स सायकलचा तो तुकडा उलटा चालतो, सक्सिनेटपासून फ्युमरेट व्हायच्या ऐवजी फ्युमरेटपासून सक्सिनेट. सक्सिनेटचं बऱ्याचदा पुढे प्रोपिओनेट होतं. आणि ही आम्लं जंत सरळ बाहेर, कोंबडीच्या आतड्यात टाकून देतो. ॲस्कॅरिसमध्ये तर वास मारणारी फांदीदार आम्लंही बनतात. वाइनलांडनेच 1901 मध्ये ॲस्कॅरिस ऑक्सिजन न घेता ग्लायकोजेन संपवतो आणि आम्लं सोडतो हे दाखवलं होतं, तेव्हा क्रेब्स सायकल कुणाला माहीतही नव्हती.

हिशोब बघा, या वाटेने एका ग्लुकोजमागे साधारण 5 एटीपी हाती लागतात. ऑक्सिजन वापरून आपण 30 च्या आसपास मिळवतो त्यापुढे हे कमीच, पण 2 पेक्षा दुपटीहून जास्त, आणि ग्लुकोज तर यजमानाच्या ताटातलं, ते आयतं येतंय.

आता खरी गंमत. फ्युमरेटवर इलेक्ट्रॉन ढकलायचे तर ते वाहून नेणारा रेणूही तसा लागतो. आपल्यात युबिक्विनोन असतं, ते या कामाला चालत नाही, इलेक्ट्रॉनला ते जास्त घट्ट धरून ठेवतं. जंत त्याऐवजी रोडोक्विनोन बनवतो. माणूस, कोंबडी, गाय यांच्या शरीरात ते बनत नाही असंच बरीच वर्षं मानलं जात होतं. 2019 मध्ये सी. एलेगन्स या मातीतल्या बारीक सूत्रकृमीवर काम करणाऱ्या दोन गटांनी दाखवून दिलं की प्राण्यांमध्ये रोडोक्विनोनची सुरुवात ट्रिप्टोफॅन तुटण्याच्या वाटेवरून होते. मला ही माहिती फार मोलाची वाटते, कारण ती वाट अडवणारं औषध सापडलं तर जंताचा श्वास बंद होईल आणि कोंबडीला त्याची फारशी झळ लागणार नाही अशी आशा आहे.

शेवटचं एक. ॲस्कॅरिसकडे हिमोग्लोबिनसुद्धा आहे, पण ते आपल्या हिमोग्लोबिनच्या सुमारे 25,000 पट घट्ट ऑक्सिजन पकडतं, एवढं की मग तो सुटतच नाही. मग उपयोग काय त्याचा? 1999 मध्ये पुढे आलेलं उत्तर असं की ते नायट्रिक ऑक्साइडच्या मदतीने ऑक्सिजन संपवून टाकतं. म्हणजे ज्या जिवाला ऑक्सिजनचा त्रास होतो त्याने तो साफ करायची सोय केलीय. यातले बरेच आकडे डुकराच्या जंतावरचे आहेत, कारण तो मोठा असतो आणि कत्तलखान्यात सहज मिळतो, त्यामुळे त्याच्यावरच सगळ्यात जास्त काम झालंय. कोंबडीचा गोल जंतही ग्लायकोजेनवर आणि आम्लं बाहेर टाकूनच जगतो.

प्रश्न: मला पायपरॅझिन दिलं होतं दुकानातून, पाण्यातून दोनदा पाजलं, पहिल्या वेळी लांब जंत पडले पण शीटेवर भाताच्या शितासारखं पांढरं काहीतरी अजून दिसतंच आहे, ते हलतं पण. औषध डुप्लिकेट होतं का? (एक भगिनी, सत्तरी, गोवा)

नाही ताई, औषध खरंच असणार. लांब जंत पडले म्हणजे त्याने त्याचं काम केलंय. शितासारखं जे हलतंय तो टेपवर्मचा, म्हणजे पट्टकृमीचा, सुटून पडलेला तुकडा आहे आणि पायपरॅझिनचा त्याच्यावर काहीही परिणाम होत नाही.

पायपरॅझिन गोल जंताच्या स्नायूंवर गाबा या स्नायू ढिले करणाऱ्या संदेशवाहक रेणूसारखं काम करतं, स्नायू ढिले पडतात, जंताला प्रवाहाविरुद्ध जागा धरता येत नाही आणि आतड्याच्या हालचालीने तो बाहेर वाहून जातो, बऱ्याचदा जिवंतच. टेपवर्मचं सगळंच वेगळं. त्याचं डोकं आतड्याच्या भिंतीत चूषकांनी आणि आकड्यांनी रुतलेलं असतं, आणि त्याला तोंड नाही, पोट नाही, आतडं नाही. तो सगळ्या अंगाने खातो. अंगावर टेग्युमेंट नावाचं जिवंत आवरण, त्यावर सूक्ष्म लवेसारखे उंचवटे, त्यातून ग्लुकोज आणि अमिनो ॲसिड आत ओढली जातात. चरबीची आम्लंसुद्धा त्याला स्वतःला बनवता येत नाहीत, तीही यजमानाकडूनच घेतो. म्हणून त्याची औषधं वेगळी. निक्लोसामाइड त्याची एटीपी बनवायची यंत्रणाच सैल करून टाकतं. प्राझिक्वाँटेल दिल्यावर त्याच्या पेशींत कॅल्शियम घुसतं, स्नायू आखडतात आणि टेग्युमेंट फाटतं. मग तो आतल्या आतच पचून जातो, शीटेत शोधत बसू नका.

आपल्याकडे कोंबड्यांत रायलिटिना जातीचे टेपवर्म खूप असतात, 25 सेंटिमीटरपर्यंत वाढणारे. त्यातल्या रायलिटिना एकिनोबोथ्रिडाने आतड्याच्या भिंतीवर गाठी येतात आणि त्या टीबीच्या गाठींसारख्या दिसतात, कापताना कुणी घाबरून गेलं असेल तर ते यामुळेच. हा जंत मुंग्यांतून येतो. कोंबडीने शीट टाकली, तुकड्यातली अंडी मुंगीने नेली, त्या मुंगीला कोंबडीने टिपलं, झालं. दुसरी एक जात भुंग्यांतून येते. त्यामुळे मोकळ्या सोडलेल्या कोंबड्यांना औषध देऊनही तो परत परत येतो, निदान खुराड्याच्या आजूबाजूची मुंग्यांची वारुळं आणि साचलेली शीट तरी काढत चला.

याच रायलिटिनावर आपल्या देशात सुंदर काम झालंय, शिलाँगच्या नॉर्थ ईस्टर्न हिल युनिव्हर्सिटीत, डॉ. वीणा टंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं. मेघालयात सोह-फ्लाँग नावाचा एक कंद मिळतो, जंत झाले की लोक तो सालीसकट कच्चा खातात अशी तिथली जुनी रीत. या मंडळींनी कोंबडीच्या आतड्यातले टेपवर्म प्रयोगशाळेत जिवंत ठेवून त्यांच्यावर सालीचा अर्क आणि त्यातलं जेनिस्टीन हे द्रव्य घालून पाहिलं. जंत लुळे पडले, टेग्युमेंट खराब झालं, त्यातल्या एन्झाइमचं काम बिघडलं, ग्लायकोजेनचा साठा घटला. डॉ. टंडन यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. हे सगळं बशीतल्या जंतावरचं काम, त्यामुळे लगेच कंद आणून कोंबड्यांना घालू नका, पण लोकांच्या रीतीकडे शास्त्राने असं नीट, एकेक एन्झाइम मोजून बघावं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: अंडं फोडलं तर आत पांढरा जंत! घरात सगळ्यांनी अंडी खाणं सोडलंय. (चिंचवड)

होतं असं, क्वचित. गोल जंत खालच्या तोंडाशी, जिथे शीटेचा आणि अंड्याचा मार्ग एकत्र येतो, तिथून चुकून अंडनलिकेत चढतो आणि कवच बनायच्या आधी पांढऱ्यात अडकतो. कोंबडीचा हा जंत माणसाला होत नाही. ते अंडं टाकून द्या, बाकीची नीट शिजवून खा. पण ज्याच्या कोंबड्यांची ही अंडी तो मालक जवळचा असेल तर त्याला जरूर सांगा, कळपात जंत बरेच झालेत याची ही खूण आहे.

प्रश्न: अल्बेंडाझोल पाण्याच्या ड्रिंकरमध्ये टाकतो, दर वेळी तेच, पण आता फरक पडेनासा झालाय. जंतांना सवय झाली का? 300 कावेरी जातीच्या कोंबड्या आहेत. (एक पोल्ट्रीवाले, ता. बारामती)

सवय झाली असेलही, पण त्याआधी दुसरं बघू. दादा, अल्बेंडाझोल पाण्यात विरघळत नाही. बाटलीत ते हलवून दिसतं तसं दुधाळ असतं पण ड्रिंकरमध्ये ओतलं की थोड्या वेळाने खाली बसतं. मग तळाचं पिणाऱ्या कोंबडीला भरपूर आणि बाकीच्यांना नुसतं पाणी. संध्याकाळी ड्रिंकर रिकामा करताना तळाशी पांढरा गाळ दिसतो का बघा. या गटातलं औषध खाद्यात, आधी थोड्या खाद्यात चोळून मग सगळ्यात सारखं मिसळून द्यावं लागतं. पायपरॅझिन आणि लेव्हामिसोल पाण्यात विरघळतात, ती पाण्यातून देता येतात, त्याआधी थोडा वेळ पाणी बंद ठेवायची पद्धत आहे म्हणजे सगळे पक्षी तहानेने पितात, उन्हाळ्यात मात्र असं करू नका, कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळात 41 अंशांच्या वर असतं, पाणी बंद केलं की उष्माघाताने मर सुरू होते.

दुसरं म्हणजे वेळ. लेव्हामिसोल मज्जातंतूंवर काम करतं, जंत आखडतो आणि लवकर पडतो. अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल यांचं तसं नाही. ती जंताच्या पेशीतल्या ट्युब्युलिन या प्रथिनाला धरतात, त्यापासून बनणाऱ्या बारीक नळ्या बनेनाशा होतात, आतड्याच्या पेशींतली ने-आण थांबते, ग्लुकोज ओढणं बंद होतं. मग जंत साठवलेल्या ग्लायकोजेनवर काही काळ काढतो आणि ते संपलं की मरतो. नांदेडच्या मुलाला वर जे सांगितलं ते इथे कामाला येतं, साठा आहे म्हणून मरायला दिवस लागतात, आणि म्हणूनच ही औषधं सलग काही दिवस द्यावी लागतात. एक दिवस अर्धा डोस देऊन सोडलं तर जंत उपाशी राहतो, अंडी घालणं थांबवतो, आणि मग सावरतो.

आणि सवय म्हणाल तर ती अशाच अर्ध्या डोसांतून लागते. ट्युब्युलिनमधलं एक अमिनो ॲसिड बदललं की औषधाला पकडायला जागा उरत नाही, मेंढ्यांच्या जंतात हे पूर्वीपासून माहीत आहे. अमेरिकेत टर्कीच्या गोल जंतावर फेनबेंडाझोल नीट चालेनासं झाल्याचंही पुढे आलंय. त्यामुळे औषध द्यायच्या आधी आणि दिल्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी शीट तपासून घ्या. मिठाच्या घट्ट पाण्यात शीट कालवली की जंताची अंडी वर तरंगतात, ती मायक्रोस्कोपखाली मोजतात, पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा जिल्ह्याच्या सर्वचिकित्सालयात चौकशी करा. आकडा उतरला नसेल तर डॉक्टरांना सांगून औषधाचा गट बदला. नुसतं कंपनीचं नाव बदलून उपयोग नाही, आत तेच असतं. अंड्यांवरच्या कोंबड्या असतील तर औषधानंतर किती दिवस अंडी विकायची नाहीत ते लेबलवर बघा आणि पाळा.

प्रश्न: गायीचं आयव्हरमेक्टिन उरलंय, ते चालेल का? (अनेकांनी विचारलंय)

नका देऊ. शोध मोठा आहे, सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना त्यासाठी 2015 चं नोबेल मिळालं. ते गोल जंतांच्या मज्जातंतूंतली ग्लुटामेट या संदेशवाहक रेणूने उघडणारी दारं उघडीच ठेवतं, पण टेपवर्मवर त्याचा परिणाम नाही, आणि चरबीत विरघळणारं असल्यामुळे ते अंड्याच्या बलकात उतरतं. शिवाय गायीच्या इंजेक्शनमधून कोंबडीच्या वजनाचा थेंब काढणं हे काम अंदाजाने करायचं नाही.

प्रश्न: बॅच गेली की चुना मारतो, फिनाइल मारतो, तरी नवीन पिल्लांना दोन-अडीच महिन्यांत जंत होतातच. कुठून येतात? (ता. संगमनेर)

तुमच्याच शेडमधून. चुना-फिनाइलने बरेच जिवाणू मरतात, जंताचं अंडं मरत नाही. त्याच्या कवचाला थर आहेत, मधला कायटिनचा मजबूत थर, आणि सगळ्यात आत मेणचट चरबीचा, त्यातून पाण्यात विरघळलेली रसायनं आत जातच नाहीत. वरवर भुरभुरलेल्या चुन्याने शेडमधली तुसाची गादी कोरडी होते, तो फायदा आहेच, पण अंडं बसून राहतं.

आणि या अंड्याचं रसायन पुन्हा वेगळंच असतं बघा. कोंबडीच्या पोटात असताना ते वाढतच नाही, कारण त्याला ऑक्सिजन लागतो. मोठा जंत ऑक्सिजन टाळतो आणि त्याचंच अंडं ऑक्सिजनवाचून अडून बसतं. शीटेतून बाहेर पडलं, ओल आणि 28-30 अंशांची ऊब मिळाली की 10 ते 12 दिवसांत आत अळी तयार. खायला काही नसतं, तेव्हा ते सोबत आणलेली चरबी मोडून तिची साखर बनवतं. चरबीपासून साखर बनवणं आपल्याला जमत नाही, उगवत्या भुईमुगाला आणि एरंडाला जमतं, ग्लायऑक्झिलेट सायकलमुळे, आणि ॲस्कॅरिसच्या अंड्यातही तीच आहे. तशी तयार अळी सावलीत, ओलीत महिनोन् महिने वाट बघत राहते. पिल्लाने गिळलं की उबेने आणि कार्बन डायऑक्साइडने तिला जाग येते, आतूनच एन्झाइम सोडून ती कवच फोडते. पहिले 8-9 दिवस ती पोकळीत असते, मग काही दिवस आतड्याच्या अस्तरात घुसते, सगळ्यात जास्त नुकसान तेव्हाच, रक्तस्राव, अस्तर सुजणं, आणि पायपरॅझिन तिथे पोचत नाही. 5 ते 8 आठवड्यांत तीच मोठी होऊन अंडी घालायला लागते. म्हणजे तुमचे दोन-अडीच महिने अगदी बरोबर जुळतात.

उपाय एकच पक्का, कोरडेपणा आणि ऊन. बॅच गेली की जुनं तूस सगळं उचला, खरवडून काढा, शेडपासून लांब ढीग लावून कुजवा, त्या ढिगाच्या उष्णतेने अंडी मरतात. जमीन मातीची असेल तर वरचा थर काढून उन्हात पडू द्या, एप्रिल-मेमध्ये रिकामी शेड मिळत असेल तर त्यासारखं सोनं नाही. ड्रिंकरभोवतीची ओली गादी रोज बदला, जंताची सगळ्यात जास्त अंडी तिथेच तयार होतात. आणि पिल्लं मोठ्या कोंबड्यांबरोबर ठेवू नका, तीन महिन्यांपुढचा पक्षी बऱ्यापैकी तग धरतो, शीटेतून अंडी मात्र सांडत राहतो.

प्रश्न: पळसपापडी देऊ का? आजी म्हणते लहानपणी आम्हालाही द्यायची. (यवतमाळ)

आजी खरं सांगतेय. पळसाचं बी आणि वावडिंग ही जंतांवरची जुनी औषधं. पळसाच्या बीत पॅलासोनिन नावाचं द्रव्य आहे आणि कोंबडीच्या गोल जंतावर ते घालून पाहिलं तेव्हा जंताचं ग्लुकोज घेणं मंदावलं आणि ग्लायकोजेन संपत गेलं. पण पॅलासोनिनची रचना कँथॅरिडिनच्या अगदी जवळची आहे, अंगावर फोड आणणाऱ्या बीटल किड्यांचं जे विष असतं ते, म्हणून प्रमाण चुकलं तर पक्ष्याच्या आतड्याला आणि मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो. बीत द्रव्य किती आहे ते बघून ओळखता येत नाही. अंदाजाने मूठभर कुटून खाद्यात घालू नका, लहान पिल्लांना तर नकोच.

प्रश्न: जंत झाल्यावर अंड्याचा बलक फिका पडतो का? की मक्याचा दोष? (रत्नागिरी)

दोन्ही असू शकतं. बलकाचा पिवळा रंग मक्यातल्या आणि हिरव्या पाल्यातल्या कॅरोटिनॉइडचा, कोंबडी स्वतः तो बनवत नाही. केसासारख्या बारीक कॅपिलेरिया जंतांनी आतड्याचं अस्तर खराब केलं की कॅरोटिनॉइड आणि अ जीवनसत्त्व दोन्ही नीट शोषली जात नाहीत. हे जंत इतके बारीक की कापल्यावरही डोळ्यांना सहज दिसत नाहीत, अस्तर खरवडून पाण्यात पसरावं लागतं.

अ जीवनसत्त्वाचा संबंध उलट बाजूनेही आहे. अमेरिकेत कॅन्ससला जेम्स ॲकर्ट यांनी 1920 आणि 30 च्या दशकांत कोंबडीच्या गोल जंतावर खूप काम केलं, त्यात अ जीवनसत्त्व कमी असलेल्या पिल्लांत जंत जास्त टिकले आणि जास्त लांब वाढले. वयाबरोबर आतड्यात चिकट स्राव करणाऱ्या गॉब्लेट पेशी वाढतात आणि त्या स्रावाने अळ्यांची वाढ अडते हेही त्यांच्याच गटाने दाखवलं. म्हणून मोठी कोंबडी तग धरते. शेवग्याचा पाला, घास, पालक, जे हाताशी असेल ते रोज चिरून टाका, पिल्लांना आधी. दोन आठवडे नियमित पाला घालूनही बलक फिकाच राहिला तर शीट तपासायला द्या, आणि देताना ताजी, सकाळची, निदान पाच-सहा ठिकाणची थोडी थोडी उचलून एकत्र करून द्या, एकाच कोंबडीची दिली तर काहीच कळत नाही.